२ ऑक्टोबरला वार कोणता होता? ‘दृश्यम’मधल्या चुका आणि कोडी



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. समीक्षेचं व्याख्यान म्हणायचं आणि सिनेमातल्या चुका काढत बसायचं, हा काय उद्योग? पहिल्या दृश्यात चहाचा कप भरलेला, दुसऱ्यात रिकामा, तिसऱ्यात पुन्हा भरलेला. असल्या गोष्टी शोधायला समीक्षक कशाला हवा, रिमोटवर थांबवायचं बटण असलं की झालं.

ही शंका आम्हाला अर्धी मान्य आहे. नुसत्या चुकांची यादी म्हणजे समीक्षा नव्हे. पण काही चुका अशा असतात की त्यांचं टोक धरून ओढलं तर सगळा सिनेमा उलगडत जातो. आज अशीच एक चूक घेऊ या. निशिकांत कामत यांचा २०१५ सालचा हिंदी ‘दृश्यम’ इथल्या बहुतेकांनी पाहिलेला असणार, काहींनी टीव्हीवर दहा वेळा. ज्यांनी पाहिला नाही त्यांना आधीच सांगतो, आम्ही शेवट फोडणार आहोत. कोड्याविषयी बोलायचं आणि उत्तर झाकून ठेवायचं, हे जमणार नाही.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. ‘चूक’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी टाकतो.

पहिली कंटिन्युइटीची चूक. सिनेमा पडद्यावर दिसतो त्या क्रमाने सहसा चित्रित होत नाही. घरातली सगळी दृश्यं एका आठवड्यात, रस्त्यावरची दुसऱ्या आठवड्यात. दार उघडणारा हात आज शूट होतो आणि दारापलीकडची खोली महिनाभराने, कदाचित दुसऱ्याच गावात. मधल्या काळात नटाचे केस वाढतात, शर्ट धुतला जातो, भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकतं. हे सगळं जुळवून ठेवायला सेटवर स्वतंत्र माणूस असतो. कोणत्या हातात काय होतं, पदर कोणत्या खांद्यावर होता, पेल्यात किती पाणी होतं, याची नोंद तो ठेवतो. इतकं करूनही काहीतरी निसटतं. शिवाय संकलक पुष्कळदा जाणूनबुजून न जुळणारा तुकडा निवडतो, कारण नटाने त्या टेकमध्ये जीव ओतलेला असतो. कप आणि चेहरा यात एकच वाचवायचा असेल तर शहाणा संकलक चेहरा वाचवतो. म्हणून या पहिल्या प्रकाराबद्दल आम्ही सहसा कोणाला फाडून खात नाही.

तशीही आपल्याला ही चूक दिसतच नाही. डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी मुद्दाम चुका पेरलेला एक छोटा चित्रपट लोकांना दाखवला. शॉट बदलला की कपडे बदलत होते, टेबलावरच्या वस्तू बदलत होत्या. बघणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणाला काही खटकलं नाही. पुढच्या प्रयोगात तर शॉट बदलताना नटच बदलला, तरीही बहुतेकांना पत्ता लागला नाही. आपण सिनेमा डोळ्यांनी कमी आणि अपेक्षेने जास्त बघतो, एवढं यातून ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरा प्रकार काळाचा किंवा पंचांगाचा. कथा ज्या दिवशी घडते असं सिनेमा सांगतो, तो दिवस खऱ्या जगात कसा होता आणि सिनेमात कसा दिसतो?

तिसरा प्रकार तर्काचा. पोलिसांनी अमुक का विचारलं नाही, तमक्याने तिथे हात का घातला नाही? याला आपण कथेतली फट म्हणतो, आणि फट लेखकाने मुद्दाम ठेवली असेल तर कोडं म्हणतो. ‘दृश्यम’मध्ये दुसरा आणि तिसरा प्रकार एकाच ठिकाणी येऊन भेटतात, आणि ती जागा म्हणजे २ ऑक्टोबर.

कथा थोडक्यात सांगतो. गोव्यातलं पांडोळे नावाचं काल्पनिक गाव. केबलचा धंदा करणारा विजय साळगावकर. चौथी नापास, अनाथ, पण सिनेमाचा किडा. बायको नंदिनी आणि दोन मुली, अंजू आणि अनू. सॅम नावाच्या मुलाने अंजूचा आंघोळीचा व्हिडिओ काढलेला असतो. तिला धमकावायला तो रात्री घरी येतो, झटापटीत अंजूच्या हातून मरतो आणि मायलेकी त्याला परसात पुरतात. हा सॅम गोव्याच्या पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा एकुलता एक मुलगा. आता कुटुंबाला वाचवायचं तर विजयने करायचं काय? तो प्रेत हलवतो, गाडी बुडवतो, फोनची वाट लावतो. आणि मुख्य म्हणजे एक तारीख तयार करतो. २ ऑक्टोबरला आम्ही पणजीला सत्संगाला गेलो होतो, हॉटेलात राहिलो, पावभाजी खाल्ली, दुसऱ्या दिवशी सिनेमा बघितला आणि परत आलो. तिकिटं आहेत, बिल आहे. बसचा कंडक्टर, हॉटेलचा मॅनेजर, पावभाजीवाला, थिएटरचा ऑपरेटर, सगळे सांगतात की हो, ही मंडळी आली होती.

मंडळी प्रत्यक्षात आली होती, पण दुसऱ्याच दिवशी. घटना घडून गेल्यावर विजय घरच्यांना घेऊन पणजीला जातो, त्या लोकांशी ओळख काढतो, मग पुन्हा भेटून बोलता बोलता ‘दोन तारखेला आलो होतो ना’ हे त्यांच्या डोक्यात सोडून देतो. साक्षीदारांपैकी कोणीही खोटं बोलत नाही. त्यांना चेहरे आठवतात, गप्पा आठवतात. फक्त त्या आठवणीवर चिकटवलेली तारीख विजयची असते. मीरा देशमुखला हे शेवटी उमगतं. दिसलेलं मनात ठसतं आणि त्या जोरावर न घडलेलं खरं वाटायला लागतं, असा तिचा तर्क आहे, आणि सिनेमाचं नावही त्यावरच आहे.

आता पंचांग उघडू. कथा २०१४ सालची आहे. २ ऑक्टोबर २०१४ला वार होता गुरुवार. २ ऑक्टोबर म्हणजे गांधी जयंती, सगळ्या देशाला सुट्टी. त्या वर्षी तर विशेष. त्याच दिवशी स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. पंतप्रधान हातात झाडू घेऊन दिल्लीच्या रस्त्यावर उतरले, सुट्टी असूनही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात बोलावून स्वच्छतेची शपथ दिली गेली. दिवसभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबर, शुक्रवार? त्या दिवशी दसरा होता.

पुढे शनिवार, रविवार, आणि सोमवारी ६ तारखेला बकरी ईद. म्हणजे सलग पाच दिवसांची सुट्टी, अशी की नोकरदारांनी आधीपासून कॅलेंडरवर गोल करून ठेवलेली. सिनेमावाल्यांसाठीही मोठा आठवडा. नवीन सिनेमा एरवी शुक्रवारी लागतो, पण ‘बँग बँग’ आणि ‘हैदर’ हे दोन्ही सुट्टी साधून गुरुवारी २ तारखेलाच लागले होते. ‘हैदर’मध्ये आईचं काम तब्बूने केलं आहे, आणि आपली महानिरीक्षक मीरा देशमुखही तब्बूच. (हशा) विजय साळगावकरसारखा सिनेमाचा किडा त्या आठवड्यात गोव्यात असता, तर हे त्याला पाठ असतं.

‘दृश्यम’ बघताना यातलं काय जाणवतं? दसरा जाणवत नाही. गाड्यांना झेंडूचे हार, दारांना आंब्याची पानं, आपट्याची पानं वाटायला निघालेली पोरं, यातलं काही कथेच्या हिशेबात धरलेलं नाही. गांधी जयंतीचंही तेच. तारीख शंभरदा उच्चारली जाते आणि त्या तारखेचा दिवस मात्र गायब.

हे कशामुळे झालं असेल, याचा माग मूळ सिनेमात लागतो. हिंदी ‘दृश्यम’ हा जीतू जोसेफ यांच्या २०१३ सालच्या मल्याळम ‘दृश्यम’वरून केलेला. मोहनलाल यांचा तो सिनेमा इतका चालला की कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, पुढे सिंहली आणि चिनी भाषेतही त्याची रूपं झाली. मल्याळममध्ये ती तारीख २ ऑगस्ट आहे. देशाला पाठ असलेली ती तारीख नव्हे. आदल्या-पुढल्या दिवसांसारखाच एक दिवस, आणि नायकाच्या युक्तीला नेमका तसलाच दिवस लागतो. कुठलीच खूण नसलेला दिवस लोकांच्या मनात हवा तिथे सरकवता येतो. हिंदीत पटकथेचं रूपांतर उपेंद्र सिधये यांनी केलं, दिग्दर्शन कामतांचं. केरळचं गोवा झालं, जॉर्जकुट्टीचा साळगावकर झाला, प्रार्थना शिबिराचा सत्संग झाला. हे सगळे बदल बेतशीर आहेत. आणि ऑगस्टचा ऑक्टोबर झाला. तारीख कानाला लागेल अशी मिळाली, पण निवडला गेला तो वर्षातला सगळ्यात जास्त खुणा असलेला दिवस.

ही फट केवढी आहे, ते सारसोळ्यात समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. इथली जुनी वस्ती आगरी-कोळ्यांची. जेट्टीवर एखाद्या जुन्या माणसाला विचारा, गेल्या महिन्याच्या १७ तारखेला तुम्ही काय केलं? तो तुमच्या तोंडाकडे बघेल. आता विचारा, पुनवेच्या आदल्या दिवशी होडी काढली होती का? लगेच सांगेल, किती वाजता भरती होती आणि जाळ्यात काय आलं तेही सांगेल. कारण खाडीचं गणित तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारच्या पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. ज्याचं पोट या हिशेबावर आहे, त्याच्या आठवणी आकड्याच्या तारखेला टांगलेल्या नसतात. त्या तिथीला, सणाला, बाजाराच्या दिवसाला टांगलेल्या असतात.

आणि हे फक्त कोळ्यांचं नाही. प्रत्येक धंद्याचं आपापलं पंचांग असतं. बसच्या कंडक्टरला ‘३ तारखेला ही माणसं तुमच्या गाडीत होती का’ विचारलं तर तो गोंधळेल. ‘दसऱ्याला होती का’ विचारलं तर गोंधळणार नाही. दसऱ्याला त्याच्या गाडीची पूजा असते, पुढच्या काचेवर हार लोंबत असतो. थिएटरच्या ऑपरेटरला तारीख आठवणार नाही, पण नवा सिनेमा लागला तो दिवस होता की त्यानंतरचा, हे तो झोपेतही सांगेल. पावभाजीवाल्याला सणाच्या दिवसाचा गल्ला आठवतो. विजयने यांच्या डोक्यात ‘दोन तारीख’ ठेवली, ठीक. पण मीरा देशमुखने एकच प्रश्न विचारायला हवा होता. बाबा, त्या दिवशी वार कोणता होता? दसरा होता का?

इतकी हुशार अधिकारी, सगळी युक्ती ओळखते, आणि हा साधा प्रश्न तपासाच्या केंद्रात येत नाही. सगळं रामायण झालं आणि रामाची सीता कोण, तसलीच गत.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे शास्त्रार्थाची रीत अशी की पूर्वपक्ष आधी नीट मांडायचा, मग उत्तर द्यायचं. चुका काढणाऱ्यांनी ही रीत सोडली की उरते ती फक्त टर. म्हणून सिनेमाच्या बाजूने काय म्हणता येईल ते बघू.

पहिला बचाव गर्दीचा. सलग सुट्ट्या, पर्यटकांनी भरलेला गोवा. एवढ्या गर्दीत कोण कधी आलं हे कोणाला आठवतं? उलट विजयला सोपंच. हा बचाव लंगडा आहे. गर्दीत चेहरे हरवतात हे खरं, पण विजयची युक्ती उभी आहे ती त्याचे चेहरे लक्षात राहण्यावर. गर्दी धरली तर साक्षीदारच उरत नाहीत.

दुसरा बचाव जास्त वजनदार आहे. आठवण खरोखरच इतकी कच्ची असते का? तर असते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना त्याच जागी ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द घालून विचारलं. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. साधा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण ‘हो’ म्हणाले, भारी शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण. प्रश्नातल्या एका शब्दाने आठवणीत काच फुटली. म्हणजे विजयचं तंत्र हवेतलं नाही.

पण याच प्रयोगाची दुसरी बाजू बघा. भारी शब्द ऐकूनही ३४ जण ‘नाही’च म्हणाले. पेरलेलं बी सगळीकडे उगवत नाही. विजयला मात्र चारही ठिकाणी पीक येतं, आणि तेही जिथे दसऱ्यासारखा खडक जमिनीत आहे तिथे. एखाद-दुसरा साक्षीदार अडखळला असता, ‘दसऱ्याला नव्हता हो तुम्ही’ म्हणाला असता, आणि विजयला तिथल्या तिथे सावरावं लागलं असतं, तर सिनेमा आणखी थरारक झाला असता. फट बुजली असती आणि वर एक दृश्य फुकट मिळालं असतं.

इथून पुढे आमचं खरं म्हणणं सुरू होतं. या तारखेने सिनेमाचं एक नुकसान केलं, तशी एक मोठी भेटही देऊ केली होती, आणि सिनेमाने तीही घेतली नाही.

‘दृश्यम’मधलं सगळ्यात गाजलेलं कोडं म्हणजे प्रेत कुठे आहे. पोलीस परस खणतात तर तिथे मेलेलं जनावर निघतं. शेवटी कळतं की सॅम पुरलेला आहे नव्याने बांधल्या जाणाऱ्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली. थिएटरात या क्षणी टाळ्या पडल्या. पण घरी येताना अनेकांच्या मनात प्रश्न आला असेल, अहो, चालू बांधकामावर एकटा माणूस खड्डा खणतो, भरतो, आणि सकाळी मजूर येतात त्यांना ताजी उकरलेली माती दिसत नाही? मुकादम विचारत नाही?

पंचांगाकडे पुन्हा बघा. २ तारखेला राष्ट्रीय सुट्टी, ३ तारखेला दसरा. दसऱ्याला कामगार अवजारांची पूजा करतात. फावडं आणि घमेली त्या दिवशी धुऊन, कुंकू लावून मांडलेली असतात, कामाला लागत नाहीत. साइट रिकामी. माती बसायला वेळ मिळतो. ज्या कॅलेंडरने साक्षीदारांची बाजू कमकुवत केली, तेच कॅलेंडर या दुसऱ्या, मोठ्या फटीला बूच मारून देत होतं. पूजेला मांडलेली फावडी आणि रात्री त्यातलंच एक उचलणारा विजय, एवढं एक दृश्य पुरलं असतं. गावातला माणूस गावाच्या सणाचा फायदा घेतो, हे त्याच्या स्वभावालाही शोभलं असतं. तारीख निवडली, पण तिच्या घरात कोणी डोकावलं नाही, असं आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

कामतांना वास्तवाची नजर नव्हती, असं कोणी म्हणू नये. ‘डोंबिवली फास्ट’ त्यांचाच, २००५ सालचा. त्यात रोजच्या लोकलचं वेळापत्रक माणसाला कसं पिळून काढतं, हे मिनिटामिनिटाने जाणवतं. ‘मुंबई मेरी जान’ त्यांचाच, ११ जुलै २००६च्या बॉम्बस्फोटांनंतरची मुंबई दाखवणारा. तारखेचं ओझं काय असतं हे जाणणारा हा दिग्दर्शक होता. २०२० साली, ऑगस्टमध्ये ते गेले. म्हणूनच ‘दृश्यम’मधली ही तारीख जास्त टोचते. ती निष्काळजी दिग्दर्शकाची असती तर आम्ही तासभर तिच्यावर घालवला नसता.

आता दुसऱ्या भागाबद्दल थोडं. २०२२ सालचा ‘दृश्यम २’ अभिषेक पाठक यांनी दिग्दर्शित केला, आणि तो सुरू होतो तोच पहिल्या भागातल्या फटीतून. त्या रात्री बांधकामावरून बाहेर पडणाऱ्या विजयला एका फरारी माणसाने पाहिलेलं असतं. प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं जो प्रश्न विचारला, ‘कोणी बघितलं नाही का?’, त्यालाच पुढच्या भागाने कथेचं बी केलं. ही चांगली सोय आहे, आणि तिच्यात एक गंमतही आहे. चुका काढणारा प्रेक्षक इथे लेखकाचा भागीदार झाला. हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘द बिग स्लीप’बद्दल एक किस्सा सांगतात, की शोफरला कोणी मारलं हे लेखकांना कळेना म्हणून मूळ कादंबरीकार रेमंड चँडलर यांना विचारलं, तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. सिनेमा १९४६ सालचा, आजही बघितला जातो. सगळ्याच फटी बुजवाव्या लागत नाहीत. वातावरणावर चालणारा सिनेमा फट पचवतो. पण ‘दृश्यम’ पडला हिशेबावर चालणारा सिनेमा. तो स्वतःच आपल्याला सांगतो, बघा, एकेक तिकीट मोजा. मग आपण मोजलं तर त्याने रागावू नये.

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एवढ्या लाखो लोकांनी सिनेमा बघितला. त्यातल्या बहुतेकांनी २०१४चा दसरा स्वतः साजरा केला होता. गांधी जयंती तर प्रत्येकाला शाळेपासून पाठ. तरीही ही विसंगती टाळ्यांच्या आड का आली नाही?

कारण विजयने कंडक्टरला जे केलं, तेच सिनेमाने आपल्याला केलं. तारीख इतक्या वेळा, इतक्या ठाम आवाजात कानावर घातली की तिचा मूळ अर्थ पुसला गेला. आजही २ ऑक्टोबर आला की लोक एकमेकांना पाठवतात काय? पणजीचा सत्संग आणि पावभाजीचे विनोद. ज्या दिवसाला आपण अहिंसा दिवस म्हणतो, संयुक्त राष्ट्रांनीही २००७ साली तसं जाहीर केलं, तो दिवस आता एका काल्पनिक खुनाच्या बनावट पुराव्याचा दिवस म्हणून ओळखला जातो. आपण त्या हॉटेल मॅनेजरइतकेच प्रामाणिक साक्षीदार आहोत, आणि तितकेच फसलेले.

आणि फसताना आपण आनंदाने फसलो, हे विसरू नका. विजय आपला माणूस आहे. मुलीची अब्रू, घरावरचं संकट, वर पोलिसांची मारहाण, लहानग्या अनूलाही सोडलं नाही. आपण त्याच्या बाजूला न जाऊन सांगतो कोणाला? पण या बाजू घेण्यात एक गोष्ट दृष्टीआड होते. मीरा देशमुख मारहाण करायला लावते, ते अक्षम्य आहे. पण तथ्याच्या बाबतीत ती अक्षरशः बरोबर आहे. तिचा मुलगा मेला आहे, आणि या लोकांना ते माहीत आहे. त्या आईला वार कोणता होता हा प्रश्न विचारू न देणं सिनेमाच्या सोयीचं होतं, कारण तो विचारला असता तर आपण टाळ्या वाजवताना थबकलो असतो. ही फट लेखकाच्या नजरेतून निसटली की आपल्यालाच ती नको होती म्हणून दिसली नाही? आमचं उत्तर दुसरं आहे. जिथे आपली सहानुभूती गुंतलेली असते तिथे आपण चूक शोधत नाही. एखाद्या खलनायकाने हीच युक्ती केली असती, तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कालनिर्णय काढून बसलं असतं. (हशा)

हे सिनेमापुरतं राहत नाही. बातमी असो, भाषण असो, गल्लीतलं भांडण असो, आपल्या बाजूच्या माणसाने सांगितलेली तारीख आपण तपासत नाही. समोरच्याची मात्र सेकंदापर्यंत मोजतो. चुका काढण्याच्या खेळाचा उपयोग असेल तर हा, की डोळ्यांना उलटी सवय लागते. जो आवडतो त्याचंच पंचांग आधी उघडायचं.

तेव्हा पुढच्या वेळी सिनेमातली चूक सापडली, तर तीन प्रश्न विचारून बघा. पहिला, ही चूक हाताची आहे, कॅलेंडरची की विचाराची? हाताची असेल तर हसा आणि सोडून द्या. दुसरा, हा सिनेमा हिशेबावर चालतो की वातावरणावर? हिशेबावर चालत असेल तर सोडू नका. आणि तिसरा, ही चूक इतके दिवस मला का दिसली नव्हती? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सिनेमापेक्षा तुमच्याबद्दल जास्त सांगेल, म्हणून ते जरा सावकाश द्या.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमच्या शंका घेऊ. पूर्वपक्ष जितका जोरदार, तितकं बरं. कोणाला आमच्या पंचांगातच चूक सापडली असेल तर त्यांना पहिला मान.